औषधांचा तुटवडा सहा महिने आधी कळू शकतो: एक खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, नवी दिल्ली
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
तसेच औषध उत्पादक आणि त्यांच्या संघटना

विषय: अत्यावश्यक औषधांच्या तुटवड्याची पूर्वसूचना आणि खरेदीचे सामायिक नियोजन

महोदय,

या पत्रात आम्ही, रुग्णालयांच्या औषधभांडारांत काम करणारे, बरेचसे एकाच इंजेक्शनबद्दल बोलणार आहोत, कारण तुटवड्याची जवळजवळ सगळी कारणे त्या एका वायलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या कुपीत, भरलेली आहेत. ते इंजेक्शन म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट. दिसायला पांढरी भुकटी. इंजेक्शनच्या पाण्यात मिसळली की दाट, दुधाळ द्रव होतो आणि बारीक सुई घेतली तर तो सुईतच अडकतो. संधिवाताच्या तापाने ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपांना इजा झाली आहे, त्यांना हे इंजेक्शन दर २१ ते २८ दिवसांनी घ्यावे लागते. तेही महिना-दोन महिने नव्हे, किमान दहा वर्षे; काहींना चाळिशीपर्यंत. दोन-तीन डोस चुकले, घशात हा ताप आणणारा जंतू पुन्हा आला आणि ताप उलटला, की झडप आणखी बिघडते. त्यानंतरचा खर्च शस्त्रक्रियेचा असतो.

याच औषधाचा दुसरा रुग्ण म्हणजे सिफिलिस झालेली गर्भवती. तिला २४ लाख युनिटचा डोस लागतो आणि तिथे पर्यायच नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही, अझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनने पोटातल्या बाळाचा संसर्ग खात्रीने बरा होत नाही. म्हणजे भांडारात वायल नसेल तर त्या बाळासाठी औषधच नाही.

असे औषध फळीवरून नाहीसे होते तेव्हा रुग्णाला आणि डॉक्टरला कळते ते शेवटी. त्याच्या कितीतरी आधी ते कुणाला ना कुणाला कळलेले असते. कच्चा माल आयात करणाऱ्याला कळते की पुढचा कंटेनर लांबला. कारखान्याच्या नियोजन विभागाला कळते की या तिमाहीत बेंझाथिनच्या उत्पादनाची फेरी लागणार नाही. घाऊक विक्रेत्याला कळते की कंपनी दहा पेट्यांच्या मागणीवर तीन देते आहे. खरेदी कार्यालयाला कळते की निविदेला एकच बोली आली. रुग्णालयाच्या बिन कार्डावर, म्हणजे साठ्याच्या नोंदपत्रकावर, कळते की शिल्लक दीड महिन्याची उरली. या पाच ठिकाणची माहिती एकाच आठवड्यात एका टेबलावर आली, तर तुटवडा चार ते सहा महिने आधी दिसतो. आज ती एकत्र येत नाही. ती यावी, एवढीच आमची मुख्य मागणी आहे. पुढचे सगळे हे कसे जमेल याबद्दल आहे.

आधी कायद्याचे. औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ च्या परिच्छेद २१ प्रमाणे अनुसूचित औषधाचे, म्हणजे ज्याची कमाल किंमत सरकार ठरवते अशा औषधाचे, उत्पादन कायमचे थांबवायचे असेल तर उत्पादकाने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यायची आणि शासनाला नमुना ४ मध्ये कळवायचे. शासन त्याला आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. उत्पादन आणि विक्रीचे आकडे दर तिमाहीला नमुना ३ मध्ये भरायचे असतात. ही तरतूद चांगली आहे. अडचण अशी की भांडारात जाणवणारे बहुतेक तुटवडे उत्पादन कायमचे बंद झाल्याने येतच नाहीत. ते येतात तात्पुरत्या खंडाने: कच्चा माल नाकारला गेला, भरणीची खोली दुरुस्तीला काढली, सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम) प्रमाणे बदल करण्यासाठी कारखाना तीन महिने बंद ठेवला. या तात्पुरत्या खंडासाठी कोणताही नमुना नाही. कंपनी औषध बंद करत नसते, म्हणून ती कळवत नाही. तिमाही आकड्यांत घट दिसेपर्यंत फळी रिकामी झालेली असते.

इतर देशांनी ही फट बुजवली आहे. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने कायमच्या बंदबरोबर तात्पुरत्या खंडाचीही सूचना सहा महिने आधी, ते शक्य नसेल तर लवकरात लवकर देणे बंधनकारक झाले. कॅनडाने मार्च २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१९ पासून कळवणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २०२२ च्या नियमाने युरोपीय औषध संस्थेला तुटवड्यावर देखरेखीचे अधिकार दिले, सदस्य देश आणि कंपन्या या दोघांकडून संपर्क अधिकारी नेमून घेतले आणि सामायिक नोंदीचे व्यासपीठ उभे केले. कंपन्यांना तिथे शत्रू मानले जात नाही. पण ‘आम्हाला कुणी विचारले नाही’ म्हणायची सोयही ठेवलेली नाही.

आपल्याकडे मूल्य प्राधिकरणाची आयपीडीएमएस ही संगणक प्रणाली आहेच. नवीन काही उभारण्याची गरज नाही, त्यात एक पान वाढवावे. ज्या औषधाला दोन किंवा त्याहून कमी उत्पादक उरले आहेत, किंवा ज्याला उपचारात पर्याय नाही, अशी तीस-चाळीस औषधे आधी घ्यावीत. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत ३८४ औषधे आहेत. सगळी एकदम घेतली तर कोणतेच नीट होणार नाही. या निवडक यादीतल्या औषधाचा पुरवठा दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंडित होण्याची शक्यता दिसताच उत्पादकाने पाच गोष्टी भराव्यात: औषधाचे नाव आणि मात्रा, हातातला तयार साठा, कारण, पुन्हा पुरवठा सुरू होण्याची अपेक्षित तारीख आणि कच्च्या मालाचा स्रोत.

इथे उद्योगाची एक रास्त भीती आहे. एकमेकांचे साठे आणि उत्पादन कंपन्यांना आपापसांत कळले तर स्पर्धा कायद्याखाली संगनमताचा आरोप होऊ शकतो. त्यावर उपाय सरळ आहे. साठा आणि स्रोत ही माहिती फक्त प्राधिकरणाकडे, गोपनीय. लोकांसमोर फक्त औषध, स्थिती, अपेक्षित तारीख आणि उपलब्ध पर्याय. कंपन्यांच्या संयुक्त बैठकीत कुणीही भाव आणि ग्राहक यांवर बोलायचे नाही, इतिवृत्त प्राधिकरणाने लिहायचे. आणि वेळेत खंड कळवणाऱ्या कंपनीला त्या कारणासाठी काळ्या यादीची नोटीस जाणार नाही, हे लेखी द्यावे. सांगणाऱ्यालाच दंड होत असेल तर कुणी सांगणार नाही.

आता किमतीचे. पेनिसिलिनचा कारखाना दुसऱ्या औषधांबरोबर चालवता येत नाही. त्याचा कण दुसऱ्या औषधात गेला तर अॅलर्जीच्या रुग्णाचा जीव जाऊ शकतो, म्हणून इमारत, हवा, कामगारांचे कपडे सगळे वेगळे लागते. शेवटी उष्णतेने निर्जंतुक करता येत नाही, म्हणून भुकटी निर्जंतुक वातावरणातच भरावी लागते. एवढा खटाटोप करून विकायची वायल मात्र अगदी कमी किमतीची. कमाल किंमत ठरते ती बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या सरासरीवर, त्यात किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवून. उत्पादन खर्चाचा त्यात संबंध नाही. पुढे ती घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हलते. २०२३ मध्ये ती १२.१२ टक्के वाढली, २०२४ मध्ये जवळजवळ शून्य. कच्चा माल परदेशात दीडपट झाला तरी निर्देशांकाला त्याचा पत्ता नसतो. मग उत्पादक तीच भरणी-रेषा (वायल भरण्याची यंत्रसाखळी) जास्त पैसे देणाऱ्या इंजेक्शनला देतो. त्याला दोष देऊन वायल येत नाही.

प्राधिकरणाने यावर त्याच आदेशाच्या परिच्छेद १९ चा, म्हणजे असाधारण परिस्थितीत लोकहितासाठी किंमत बदलण्याच्या अधिकाराचा, वापर केलेला आहे. २०१९ मध्ये २१ आणि २०२१ मध्ये ९ औषधयोगांच्या (ठरावीक मात्रेतल्या तयार औषधांच्या) कमाल किमती ५० टक्के वाढवल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये ८ औषधांच्या ११ योगांना तशीच वाढ मिळाली. त्यात बेंझिल पेनिसिलिन १० लाख युनिट, अॅट्रोपिन, स्ट्रेप्टोमायसिन, लिथियम, थॅलेसेमियाच्या मुलांना लागणारे डेस्फेरिऑक्सामिन होते. निर्णय योग्य होता. पण प्रत्येक वेळी तो उत्पादकांनी बंद करण्याचे अर्ज केल्यावर आला आहे, आणि तोवर काही जण बाहेर पडलेले असतात. बंद पडलेली निर्जंतुक रेषा भाव वाढवल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. म्हणून आढावा अर्जावर ठेवू नका, खुणांवर ठेवा. उत्पादकांची संख्या दोनवर आली, कच्च्या मालाचा आयात दर वर्षभरात ३० टक्के चढला, किंवा सलग दोन निविदांना एकच बोली आली, यांपैकी काहीही झाले की आढावा आपोआप सुरू व्हावा आणि ९० दिवसांत निकाली निघावा. वाढ देताना बदल्यात लेखी हमी घ्या: किती वायल, किती महिने, कुणाला. नुसती वाढ दिली आणि हमी घेतली नाही, तर रुग्णाच्या पदरात फक्त महाग औषध पडते.

कच्च्या मालाबाबत एक गोष्ट महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. देशात पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन पहिल्यांदा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये झाले. १९५४ साली स्थापन झालेला तो सार्वजनिक कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभा राहिला होता. पुढे स्वस्त आयात मालापुढे देशातले किण्वन प्रकल्प (बुरशी वाढवून पेनिसिलिन काढणारे कारखाने) टिकले नाहीत आणि पेनिसिलिन जी या मूळ कच्च्या मालासाठी आपण चीनवर अवलंबून राहिलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०२० च्या ६,९४० कोटी रुपयांच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेतून काकिनाड्याचा पेनिसिलिन जी प्रकल्प उभा राहिला, २०२४ मध्ये सुरू झाला. ही मोठी गोष्ट आहे. पण पेनिसिलिन जी म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन नव्हे. मधे निर्जंतुक बेंझाथिन क्षार तयार करण्याचा वेगळा टप्पा आहे. त्या टप्प्यावर किती कारखाने आहेत हे न बघता ‘आता देशात बनते’ म्हणून निश्चिंत होणे धोक्याचे ठरेल.

खरेदीच्या निविदेत याच ठिकाणी सर्वांत मोठी चूक होते. पुरवठादार दोन नेमले म्हणून आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पण दोघेही कच्चा माल एकाच परदेशी कारखान्यातून घेत असतील, तर तो पुरवठादार एकच आहे. बोलीसोबत कच्च्या मालाच्या उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक मागवावा आणि निवडक यादीतल्या औषधांची मागणी ५०, ३०, २० अशी तिघांत, निदान ६०, ४० अशी दोघांत विभागावी, तीही वेगवेगळ्या स्रोतांच्या. सर्वांत कमी बोलीवाल्याच्या दराला दुसरा तयार नसेल तर थोडा जास्त दर मान्य करावा. वायलमागे दोन-तीन रुपये वाचवून नंतर स्थानिक खरेदीत तीच वायल दुपटीने घ्यायची, हा व्यवहार कोणत्याही लेखापरीक्षकाला समजावून सांगता येईल असा नाही.

मागणीही एकत्र करा. सार्वजनिक आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण विभाग, महानगरपालिका, राज्य कामगार विमा रुग्णालये यांची मागणीपत्रे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या मात्रांत आणि वेगवेगळ्या पॅकिंगमध्ये निघतात. उत्पादकाला एकेका फुटकळ ऑर्डरसाठी रेषा लावणे परवडत नाही. राज्याचा वर्षाचा एकत्रित अंदाज ऑक्टोबरमध्ये उत्पादकांसमोर ठेवला, त्यातल्या ७० टक्के खरेदीची हमी दिली आणि एप्रिलपासून तिमाही हप्त्यांत माल मागवला, तर उत्पादक कच्चा माल वेळेवर बुक करू शकतो. ऑर्डर निघाल्यापासून वायल फळीवर यायला सगळे सुरळीत असले तरी चार-पाच महिने जातात: कच्च्या मालाची समुद्रवाहतूक, त्याची तपासणी, भरणीची फेरी, १४ दिवसांची निर्जंतुकता चाचणी, मग शासकीय नमुना आणि अहवाल. यात घाई करायची म्हणजे चाचणीत घाई करायची, आणि ती कुणीच मागू नये. सर्पदंशाच्या लसीलाही हेच लागू आहे. मागणी पावसाळ्यात वाढते हे सर्वांना ठाऊक असताना ऑर्डर मे महिन्यात काढणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

आणखी एक अट तपासून पाहा. पुरवठ्याच्या वेळी मालाची पाच-षष्ठांश मुदत शिल्लक हवी, असे अनेक निविदांत असते. हेतू चांगला, पण परिणाम असा की उत्पादक राखीव साठा करूनच ठेवत नाही, कारण चार-पाच महिने गोदामात राहिलेला माल शासन घेत नाही. २४ महिन्यांच्या औषधाचे हे गणित मांडून पाहा. निवडक यादीसाठी ही अट ६० टक्क्यांवर आणावी आणि बदल्यात उत्पादकाने तीन महिन्यांचा फिरता साठा राज्यात ठेवावा.

पैशांबद्दल थोडक्यात. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देयक ४५ दिवसांत द्यावे, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा कायदा २००६ पासून आहे. पुरवठादार हे व्याज मागत नाही, कारण त्याला पुढची निविदा भरायची असते. तो पुढच्या वेळी बोलीच लावत नाही. निवडक यादीच्या औषधांची रक्कम वेगळ्या खात्यात आधीच बाजूला काढून ठेवली, तर हा प्रश्न मिटतो.

आमच्या बाजूची चूकही मांडायला हवी, कारण ती भांडारातच होते. वार्षिक मागणी काढताना मागच्या वर्षीचा वापर बघून दहा टक्के वाढवायची पद्धत आहे. समजा एका रुग्णालयात वर्षभरात २,४०० वायल वापरल्या गेल्या. महिन्याला २००, असे धरले जाते. पण त्या वर्षात १२० दिवस साठा शून्य होता. म्हणजे २,४०० वायल २४५ दिवसांत संपल्या, दिवसाला ९.८, महिन्याला २९४, वर्षाला सुमारे ३,५७५. जुन्या पद्धतीने दहा टक्के वाढवून मागणी जाते २,६४० ची. तुटवड्याच्या वर्षाने पुढच्या वर्षाचा तुटवडा असा पेरून ठेवला जातो आणि कागदोपत्री मागणी शंभर टक्के पूर्ण झालेली दिसते. साठ्याची नोंद ठेवणाऱ्या ई-औषधी संगणक प्रणालीत साठा शून्य असलेले दिवस वजा करून सरासरी काढणारे सूत्र बसवावे; माहिती प्रणालीत आहेच. पुनर्मागणीची पातळीही त्याच आकड्यावर ठरवावी: माल यायला पाच महिने आणि राखीव तीन महिने धरले तर २९४ गुणिले ८, म्हणजे २,३५२ वायल. शिल्लक याखाली आली की मागणीपत्र निघालेच पाहिजे, वर्षाचा कोणताही महिना असो.

याच्या उलट टोकाची चूक तुटवड्याची बातमी फुटल्यावर होते. प्रत्येक रुग्णालय दुप्पट मागते, स्टॉकिस्ट माल धरून ठेवतो आणि खोटी मागणी खऱ्या तुटवड्याच्या डोक्यावर बसते. अशा वेळी वाटप मागणीपत्रावर न करता वरच्या पद्धतीने काढलेल्या खऱ्या वापरावर व्हावे. प्राधान्यक्रमही आधीच लिहून ठेवलेला असावा. बेंझाथिनबाबत तो असा असू शकतो: आधी सिफिलिस असलेल्या गर्भवती, मग झडपांना इजा झालेले रुग्ण, ज्यांच्या झडपा शाबूत आहेत त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने तात्पुरत्या पेनिसिलिन व्ही च्या गोळ्या, दिवसातून दोनदा. ऐन धावपळीत हे भांडारातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याने एकट्याने ठरवायचे नसते. औषधशास्त्र, हृदयरोग आणि स्त्रीरोग विभागांच्या सह्या असलेला एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला हवा.

आणि अन्न व औषध प्रशासनाने तुटवड्याच्या काळात तपासणी सैल करू नये, उलट घट्ट करावी. फळी रिकामी असली की अनोळखी पुरवठादार ‘माल आहे’ म्हणून पुढे येतो. शासकीय रुग्णालयांना बनावट प्रतिजैविके पुरवल्याची प्रकरणे राज्यात २०२४ मध्ये उघडकीस आलीच आहेत. स्थानिक खरेदीत पावती उत्पादकापर्यंत मागे नेता येत नसेल तर तो माल घेऊ नये, आणि अशा बॅचचा नमुना वापराआधी तपासून मिळावा यासाठी प्रयोगशाळेत राखीव जागा असावी.

हे सगळे जमणारे आहे, याचा पुरावा आपल्याच हातात आहे. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरची देशातली क्षमता महिन्याला ३८ लाख वायल होती. नियामकांनी नव्या उत्पादन-जागांना झटपट मंजुऱ्या दिल्या, कंपन्यांनी साठ्याची माहिती दिली, राज्यवार वाटप ठरले आणि काही आठवड्यांत क्षमता जवळपास तिप्पट झाली. काळ्या बुरशीच्या वेळी अॅम्फोटेरिसिनसाठी आणखी पाच कंपन्यांना परवाने मिळाले. तेव्हा सगळे एका टेबलावर बसले, फक्त रुग्ण रांगेत उभे राहिल्यावर बसले. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या औषधांसाठी केंद्राला राज्यांना पत्र लिहावे लागले की तीन महिन्यांपुरती खरेदी स्थानिक पातळीवर करा. ज्या आजारात एकही महिना खंड चालत नाही, तिथे ही वेळ यायला नको होती.

आमची विनंती पहिल्या बैठकीपुरती ठोस आहे. ती ऑक्टोबरच्या आत घ्यावी. दोन्ही प्राधिकरणे, अन्न व औषध प्रशासन, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागांचे भांडारप्रमुख आणि पेनिसिलिन बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन-नियोजन अधिकारी बोलवावेत. विक्री अधिकारी नकोत, त्यांना रेषेचे वेळापत्रक माहीत नसते. विषय एकच ठेवावा: बेंझाथिन पेनिसिलिन, १२ आणि ६ लाख युनिट, पुढचे अठरा महिने. राज्याची खरी गरज किती, कुणाकडे किती तयार साठा, कच्चा माल कुठून, पुढची फेरी कधी, हे चार रकाने त्या दिवशी भरून घ्यावेत. वापराचे साठा-शून्य दिवस वजा केलेले आकडे आम्ही आमच्या भांडारांतून काढून ठेवले आहेत. बैठकीच्या आठ दिवस आधी कळवल्यास ते जिल्हावार तक्त्यात पाठवू.

आपले,
शासकीय, महापालिका आणि धर्मादाय रुग्णालयांच्या औषधभांडारांत व खरेदी विभागांत काम करणारे औषध निर्माण अधिकारी आणि भांडारपाल